ग्रामीण विद्युतीकरण साहाय्याचे मूल्यमापन (सातारा व सांगली जिल्हे)

परदेशी कर्ज किंवा अनुदानातून झालेल्या वीजकामांचा लाभ कोणाला व किती झाला, याची पाहणी. कोयना जलविद्युत प्रकल्पाला (ता. पाटण, जि. सातारा) जागतिक बँकेचे कर्ज साधारणतः १९५० च्या दशकाअखेर व १९६० च्या दशकारंभी मिळाले. तेथील वीज मुख्यतः मुंबई परिसराकडे गेली. तेव्हा त्यास ग्रामीण साहाय्य म्हणणे ओढूनताणूनच ठरेल. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या आरंभीच्या भांडवलात मात्र अमेरिकी धान्यसाहाय्याच्या (पी. एल. ४८० कायद्याखालील) विक्रीतून साचलेले रुपये होते.

मूल्यमापनातील खरा वाद ‘विद्युतीकृत गाव’ कशास म्हणावे हा आहे. १९९७ पूर्वी महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जाणे पुरेसे होते. विहिरीवरची एक विजेची मोटारही त्यास पुरे. १९९७ मध्ये वापर वस्तीच्या हद्दीत असण्याची अट आली. २००४ च्या सुमारास वस्तीत (दलित वस्ती असल्यास तीतही) रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) व वाहिन्या, शाळा-ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १०% घरांना जोडणी, असे निकष ठरले. तरीही मोजणीचे एकक महसुली गावच. पाटण-जावळीतील वाड्या, धनगरवाडे आणि जत-आटपाडीतील मळ्यांवरील वस्त्या त्यात झाकल्या जातात. पुरवठ्याचे तास, भार व दाब पाहून जोडणीची पातळी ठरवणारी जागतिक बँकेची २०१५ ची बहुस्तरीय पद्धत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

परिणामांविषयी मतभेद आहेत. व्हॅन डी वॉल, रॅव्हेलियन प्रभृती अर्थतज्ज्ञांना १९८०-९० च्या दशकांतील भारतीय ग्रामीण कुटुंबांच्या उपभोगखर्चात वाढ आढळली. बर्लिग व प्रिओनस या अर्थतज्ज्ञांना २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत सुमारे ३०० लोकसंख्येच्या गावांत आर्थिक फरक नगण्य दिसला. येथे पहिले मत कृषिपंपांमुळे अधिक लागू पडावे. पण पंप, ऊस व उपसा (नदीचे पाणी पंपाने उचलून देणाऱ्या) योजना एकत्र आल्याने विजेचा वाटा वेगळा काढणे कठीण. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१% भार शासनाने उचलण्याचे ठरल्यावर लाभ-खर्चाचे गणित आणखी बदलते. शेतीला तीन फेजची वीज पाळीने, बहुधा आठ ते दहा तास, तीही आठवड्यातील काही दिवस रात्रीची; भारनियमनाची ही बाब जोडण्यांच्या आकड्यांत उमटत नाही.

परदेशी कर्जाचे अलीकडचे उदाहरण म्हणजे २०१९ मध्ये आशियाई विकास बँकेने राज्यातील कृषिपंपांच्या उच्चदाब वितरण प्रणालीसाठी (एक-दोन पंपांना स्वतंत्र रोहित्र) ३४.६ कोटी डॉलरचे, साध्य निष्पत्तीशी बांधलेले (ठरलेले काम झाले की पैसे देणारे) कर्ज मंजूर केले.