हरणाचं पंचांग

माझा भाचा अमेरिकेत केंटकीला असतो. त्याचा एक सहकारी धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, पण तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. केंटकीत धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. या गृहस्थांनी ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या शेताकडेला झाडाला कॅमेरा बांधला होता. रोज संध्याकाळी त्यात पाच नर दिसायचे, एका दावणीच्या बैलांसारखे गुण्यागोविंदाने चरणारे. हंगाम उघडून दोन आठवडे झाले आणि शेत रिकामं! त्यांचं निदान तयार होतं: ‘पौर्णिमा आली, हरणं रात्रीची चरायला लागली.’ भाच्याने मला विचारलं, ‘मामा, यात काही तथ्य आहे का?’

तथ्य आहे, पण ते तिथीत नाही, दिनमानात आहे. पंचांगात तिथी-नक्षत्राच्या शेजारी दिनमानाचे आकडे असतात, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ. आपण तिकडे ढुंकूनही पाहत नाही. हरणाच्या शरीराचं वेळापत्रक मात्र त्यावरच चालतं.

हे पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिकडचं ‘व्हाइटटेल’. याची शिंगं काळविटासारखी आयुष्यभराची नसतात. आपल्या सांबरासारखी ती दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. उगवताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आतलं हाड पक्कं होतं, रक्तपुरवठा तुटतो आणि नर झुडपांवर शिंगं घासून ती कातडी काढून टाकतो. बहुतेकदा एका दिवसात काम उरकतं. मात्र त्याची तयारी 21 जूननंतर दिनमान घटू लागतं तेव्हापासूनच चाललेली असते.

ही घट मोजतं कोण? इथे मला राहवत नाही, थोडं खोलात जातो. डोळ्यांतून प्रकाशाची खबर मेंदूतल्या घड्याळाकडे जाते आणि तिथून मानेतल्या चेतागाठीचा वळसा घालून पिनियल ग्रंथीकडे. ही ग्रंथी फक्त अंधारात मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडते, म्हणजे रात्र जितकी लांब तितका वेळ ते रक्तात राहतं. ते वाचणारा मुख्य वाचक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठाला चिकटलेला पेशींचा एक पातळ थर आहे, त्याचं नाव पार्स ट्यूबरॅलिस. तो एरवी थायरॉइडला हुकूम देणारंच संप्रेरक वापरतो, पण उलट दिशेने, वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे. तिथे थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण बदलतं, त्यावरून किसपेप्टिन हे विणीला चालना देणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशी जाग्या होतात किंवा झोपतात, आणि शेवटी पिट्युटरीमार्फत वृषणांना निरोप पोचतो: टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं संप्रेरक, वाढवा. ही साखळी मुख्यतः मेंढ्या आणि हॅम्स्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर उलगडली. गंमत म्हणजे लांब दिवसाची एकच खूण हॅम्स्टरला ‘वीण सुरू कर’ सांगते आणि मेंढीला ‘थांब’. हरीण मेंढीच्या पंगतीतलं. (इथवर वाचताना दमछाक झाली असेल, तर ‘लांब रात्र म्हणजे जास्त टेस्टोस्टेरॉन’ एवढं धरून पुढे चला.)

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या रिचर्ड गॉस यांनी सिका जातीच्या हरणांना कृत्रिम उजेडात ठेवलं आणि वर्षभराचं दिनमानाचं चक्र सहा महिन्यांत फिरवलं. हरणांनी वर्षात दोनदा शिंगं बदलली! चक्र आणखी वेगाने फिरवलं तर तीनदा, चारदा. आणि कायम बारा तास उजेड, बारा तास अंधार ठेवला, तर शिंगं बदलेचनात. टेस्टोस्टेरॉनचा पुरावा शिकाऱ्यांनाही ठाऊक असतो: वृषणांना इजा झालेल्या नराची शिंगं मखमलीतच राहतात, वेडीवाकडी वाढत जातात. त्याला ते ‘कॅक्टस’ म्हणतात.

आता ते रिकामं शेत. टेस्टोस्टेरॉन चढलं की कालचे सोबती एकमेकांना खपेनासे होतात. टोळी फुटते, आणि काही नर उन्हाळ्यातला मुक्काम सोडून दुसरीकडे सरकतात. त्याच सुमारास सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि ओक झाडांची फळं टपटपायला लागतात, त्यातही पांढऱ्या ओकची हरणांना जास्त प्रिय, कारण ती कमी तुरट. हरणं ओकखाली गेली. कॅमेरा राहिला सोयाबीनवर. शिवाय माणसाचा वावर वाढला की तीही सावध होतात, हे वेगळं सांगायला नको.

चंद्राबद्दलही सांगून टाकतो. तिकडे चंद्रकलांवरून शिकारीचा मुहूर्त सांगणारे तक्ते आणि ॲप चक्क विकले जातात. शरद संपातानंतरच्या (सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) दुसऱ्या पौर्णिमेला मीलनाचा काळ येतो, असाही एक लाडका सिद्धांत आहे. पण गळ्यात जीपीएस पट्टा बांधलेली हरणं पौर्णिमा असो वा अमावास्या, पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त हिंडताना दिसतात. गर्भाच्या वाढीवरून मोजलेल्या गर्भधारणेच्या तारखाही तिकडच्या बऱ्याच राज्यांत दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याभोवतीच पडतात. पौर्णिमा मात्र दरवर्षी पुढेमागे सरकते. गर्भकाळ सुमारे 200 दिवसांचा, म्हणजे पाडस मे-जूनच्या हिरव्या चाऱ्यात जन्मायला हवं. अधिक मासाचा घोळ पाडसाला परवडणार नाही. आमच्याकडे मुहूर्त काढून बोअरवेल खणतात, तेव्हा मी अमेरिकन शिकाऱ्यांना फार हसणार नाही.

भाच्याने पुढे विचारलं, ‘मग ताडोबातल्या चितळांचं काय?’ केंटकीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात पाच तासांहून जास्त फरक असतो. विदर्भात तो अडीच तासांच्या आसपास. थंडीही जीवघेणी नाही. त्यामुळे चितळाने दिनमानाला इतकं बांधून घेतलेलं नाही. मीलनाचा भर उन्हाळ्यात असतो, पण कुठल्याही महिन्यात जा, एक नर मखमलीत आणि शेजारचा पक्क्या शिंगांचा दिसू शकतो.

1930च्या दशकात हेच चितळ टेक्सासमध्ये नेऊन सोडले. तिथेही त्यांनी जुनी सवय सोडली नाही. एकाच कुरणात व्हाइटटेलचे सगळे नर शिंगांवरची मखमल काढून झुंजायला सज्ज असतात, आणि पलीकडे एखादा चितळ नुकतीच मखमल फुटलेली शिंगं घेऊन निवांत चरत असतो.