2जीची किल्ली आखूड का झाली

मोबाइलवरचं बोलणं चोरून ऐकलं गेलं, ओटीपी वाटेतच पळवला गेला, अशी बातमी आली की 'तंत्रज्ञान जुनं आहे' हे कारण हमखास पुढे येतं. ते अर्धंच खरं आहे. यातली निदान एक त्रुटी जुनेपणातून आलेली नाही. ती बैठकीत बसून, आकड्यांवर घासाघीस करून ठरवलेली आहे.

पहिल्या पिढीच्या ॲनालॉग फोनवरचं संभाषण साध्या स्कॅनरवर ऐकू येई. त्यामुळे 1980 च्या दशकात पश्चिम युरोपातले देश जीएसएम, म्हणजे आपलं 2जी, आखायला बसले तेव्हा बोलणं कूटबद्ध असावं यावर दुमत नव्हतं. वाद होता तो किती मजबूत, यावर.

त्या कामात असलेल्या काही अभियंत्यांनी 2014 मध्ये नॉर्वेतल्या एका दैनिकाला सांगितलेली हकिकत अशी : मूळ प्रस्ताव 128 बिटांच्या किल्लीचा होता. (किल्ली म्हणजे कूटबद्ध बोलणं उलगडणारा गुप्त आकडा; बिट जितके जास्त, तितका तो शोधणं अवघड.) ब्रिटिशांचा आग्रह 48 बिटांचा. पश्चिम जर्मनीला मात्र भक्कम किल्ली हवी होती, कारण पूर्व जर्मनीचे हेर सीमेपलीकडेच कान देऊन बसलेले. शेवटी ए5/1 नावाची जी पद्धत लागू झाली तिची किल्ली कागदावर 64 बिटांची होती, पण वापरात तिच्यातले 10 बिट शून्य ठेवले जात. उरले 54. एक बिट कमी झाला की किल्ली शोधायचे कष्ट निम्मे होतात. दहा कमी झाले तर काम 1,024 पट सोपं. दहा शून्यं काही नजरचुकीने पडत नाहीत.

त्या काळी बऱ्याच देशांत मजबूत एन्क्रिप्शनवर, म्हणजे कूटबद्ध करण्याच्या पद्धतींवर, शस्त्रांसारखे निर्यात-निर्बंध होते, असा बचाव केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण मग युरोपाबाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी ए5/2 ही आणखी दुबळी आवृत्ती वेगळी तयार झाली, हेही लक्षात घ्यावं लागतं. 1999 मध्ये तिचा तपशील बाहेर आला आणि त्याच महिन्यात ती फुटली.

गंमत पुढेच आहे. 2003 मध्ये इस्राएली संशोधकांनी दाखवलं, की दोन्ही पद्धतींना फोन एकच किल्ली वापरतो. म्हणजे फोनला क्षणभर ए5/2 वर आणायचं, किल्ली काढायची आणि तीच लावून ए5/1 मधलं बोलणं उलगडायचं. परक्यांसाठी ठेवलेलं भगदाड घरच्यांनाच नडलं. 2006 पासून नव्या फोनमध्ये ए5/2 ला बंदी आली. ए5/1 राहिली. डिसेंबर 2009 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत ती फोडण्यासाठी आधीच गणितं करून ठेवलेली सुमारे 2 टेराबाइटची कोष्टकं मांडली गेली, आणि जे काम सरकारी यंत्रणांचं समजलं जाई ते हौशी मंडळींच्या आवाक्यात आलं.

हा सगळा संशयाचा खेळ, असं म्हणणाऱ्यांसाठी 2021 चं एक प्रकरण आहे. 2जी इंटरनेटसाठीच्या जीईए-1 या पद्धतीची 64 बिटांची किल्ली प्रत्यक्षात 40 बिटांइतकीच ताकदीची असल्याचं युरोपीय संशोधकांनी दाखवलं, आणि निर्यात-नियमांमुळे मर्यादा पाळावी लागल्याचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने कबूल केलं.

दुसरी त्रुटी रचनेतली. 2जीमध्ये फोनला आपली ओळख टॉवरला पटवावी लागते, टॉवरला फोनकडे नाही. त्यामुळे टॉवरचं सोंग घेणारं यंत्र फोनला भुलवतं. 3जीने ही चूक सुधारली, पण फोनला 2जीवर ढकललं की सुधारणा निकामी. दूरध्वनी कंपन्या एकमेकींशी ज्या भाषेत बोलतात ती एसएस7 प्रणाली तर 1970 च्या दशकातली, मोजक्या सरकारी दूरध्वनी खात्यांच्या आपसातल्या विश्वासावर बेतलेली. 2014 मध्ये जर्मन संशोधकांनी तिच्यातून दुसऱ्याचे संदेश वळवून दाखवले. 2017 मध्ये जर्मनीतच याच वाटेने बँकेचे संकेतांक पळवून खाती रिकामी झाली.

ए5/1 फुटत होती त्याच सुमारास आपल्याकडे उलटा प्रवास चालू होता. ऑगस्ट 2009 पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची झाली आणि ओटीपी एसएमएसवर येऊन बसला. इंटरनेट सेवेच्या परवान्यात विनापरवानगी एन्क्रिप्शनची मर्यादा होती 40 बिट. फोन टॅपिंगला 1996 च्या न्यायालयीन निकालाने आणि 2007 च्या नियमांनी लगाम घातला खरा, पण त्या साऱ्या तरतुदी आदेश कंपनीकडे जातो हे गृहीत धरत होत्या. हवेतूनच संभाषण पकडणाऱ्या यंत्राला कंपनीची गरजच नसते. 2010 मध्ये अशा यंत्रांवरून गदारोळ उठला. तो व्हायला उशीरच झाला होता, असं माझं मत.

भारतात 2जी अजून चालू आहे. साध्या फोनवाल्यांचा तोच आधार, त्यामुळे ते एका फटक्यात बंद करा म्हणणं सोपं नाही. 2021 नंतरच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये 2जी बंद करायचं बटण आहे, ते सेटिंगमध्ये खोलवर दडलेलं. 5जीमध्ये ग्राहकाचा सिममधला कायमस्वरूपी ओळख-क्रमांक हवेत उघडा न पाठवण्याची सोय आली. मात्र तो न झाकताच पाठवण्याचा पर्यायही त्याच मानकात ठेवलेला आहे, आणि कोणता वापरायचा ते कंपनी ठरवते.