ब्रिजमध्ये गेलेल्या कार्डाचा आयपी पत्ता कुठे जातो?

लिनक्स संगणकावर एखादा आभासी संगणक चालवायचा असतो आणि त्याला जाळ्यातल्या इतर यंत्रांच्या बरोबरीने स्थान द्यायचे असते, तेव्हा सहसा ब्रिज, म्हणजे अनेक जोडण्या एकत्र आणणारा सॉफ्टवेअरमधला स्विच, तयार केला जातो. चालू असलेले नेटवर्क कार्ड या ब्रिजमध्ये सामील करताच बहुतेकांना एकच अनुभव येतो, तो म्हणजे संपर्क तुटतो. कार्ड बिघडलेले नसते, केबल जागेवर असते आणि तपासून पाहिले तर कार्डावरचा आयपी पत्ताही पूर्वीसारखाच दिसतो. तरी साध्या पिंगलासुद्धा उत्तर मिळत नाही. यावर आयपी पत्ता कार्डावरून काढून ब्रिजला द्यावा, असा उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे. पण तो का लागू पडतो हे समजल्याशिवाय ब्रिज समजला, असे म्हणता येत नाही.

इथरनेटच्या तारेवरून माहिती फ्रेमच्या रूपाने जाते. फ्रेमच्या आरंभीचे ६ बाइट म्हणजे ज्या कार्डाकडे ती जायची त्याचा मॅक पत्ता (कार्डाची हार्डवेअर-ओळख), पुढचे ६ बाइट पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, आणि त्यानंतरचे २ बाइट आत काय आहे ते सांगतात. आयपी पत्ते त्याच्याही आत, पॅकेटमध्ये असतात. साधा ब्रिज आपला निर्णय मॅक पत्त्यांवरून घेतो, आतले पॅकेट उघडून पाहण्याची त्याला गरजच नसते. म्हणूनच ब्रिजला त्याचे मूळ काम करण्यासाठी स्वतःचा एकही आयपी पत्ता लागत नाही.

फ्रेम आली की ब्रिज आधी पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता पाहतो आणि तो कोणत्या पोर्टवरून, म्हणजे ब्रिजला जोडलेल्या कोणत्या टोकावरून आला, याची नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग जिथे जायचे तो पत्ता तक्त्यात शोधतो. तो सापडला तर फ्रेम त्याच एका पोर्टवर जाते. सापडला नाही तर, ज्या पोर्टवरून ती आली ते सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवली जाते. लिनक्समध्ये एखाद्या पत्त्याची फ्रेम ३०० सेकंदांत पुन्हा दिसली नाही, तर त्याची नोंद पुसली जाते. बाजारात मिळणारा नेटवर्क स्विच हेच काम खास चिपच्या साहाय्याने, फार मोठ्या वेगाने करतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कार्डाचे नाव ईथ० आणि ब्रिजचे नाव बीआर० आहे, असे धरू. ईथ० स्वतंत्र असताना त्यावर आलेली फ्रेम कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, वर चढते आणि एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारी पद्धत) किंवा आयपीच्या थरापर्यंत पोहोचते. ईथ० ब्रिजमध्ये सामील झाले की ही वाट बदलते. कार्डावर आलेली फ्रेम त्या थरांना दिसण्यापूर्वीच ब्रिजच्या हाती दिली जाते आणि ती मूळ संगणकासाठी असेल, तर 'बीआर०वर आलेली' म्हणून वर पाठवली जाते. समजा १९२.१६८.१.१० हा पत्ता अजून ईथ०वरच आहे. त्यामुळे संगणक शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता विचारणारी एआरपी विनंती ईथ०मधून बाहेर पाठवतो. शेजारी नेमाने उत्तर देतो, पण ते उत्तर कर्नलच्या लेखी बीआर०वर आलेले असते. शेजाऱ्यांच्या नोंदी प्रत्येक इंटरफेससाठी वेगळ्या ठेवल्या जात असल्यामुळे ईथ०ची विनंती अनुत्तरितच राहते आणि संवाद तिथेच थांबतो.

माझ्या मते बहुतेक गोंधळाचे मूळ बीआर० या नावाच्या दुहेरी भूमिकेत आहे. ते एकाच वेळी सगळी पोर्टे जोडणारा स्विच असते आणि मूळ संगणक त्या स्विचला ज्यातून जोडला जातो, तो इंटरफेसही असते. आयपी पत्ता दिला जातो तो या दुसऱ्या भूमिकेला. ईथ० आता केवळ पोर्ट उरलेले असते आणि स्विचच्या पोर्टाला आपण आयपी पत्ता देत नाही. पत्त्याबरोबर डीफॉल्ट गेटवेचा, म्हणजे या जाळ्याबाहेर जाण्याचा, मार्गही बीआर०कडे न्यावा लागतो, आणि पत्ता डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून, मिळत असेल तर तो मागण्याचे कामही बीआर०नेच करायचे असते. मूळ संगणकाला त्या जाळ्याशी बोलायचेच नसेल, तर बीआर०ला आयपी पत्ता न देताही पोर्टांमधली वाहतूक सुरळीत चालते. पारदर्शक फायरवॉल (जाळ्यात न दिसता वाहतूक गाळणारी) याच गुणाचा उपयोग करते.

ब्रिजचा मॅक पत्ता हीदेखील लक्ष देण्याजोगी बाब आहे. वेगळा पत्ता ठरवून दिला नसेल, तर लिनक्सचा ब्रिज आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक पत्ता स्वतःसाठी घेतो. म्हणजे नवे पोर्ट जोडल्यावर तो बदलू शकतो आणि डीएचसीपी सर्व्हर त्याला नवेच यंत्र समजून दुसरा आयपी पत्ता देऊ शकतो. हे टळावे म्हणून आभासी संगणकांची व्यवस्था पाहणारे लिबव्हर्ट आपल्या टॅप इंटरफेसच्या (आभासी संगणकाला ब्रिजशी जोडणाऱ्या आभासी कार्डाच्या) मॅक पत्त्याची सुरुवात एफई या मोठ्या आकड्याने करते. त्यामुळे ब्रिजकडे प्रत्यक्ष कार्डाचाच पत्ता टिकतो.

राउटर पॅकेट पुढे पाठवताना त्यातला टीटीएल (उरलेल्या टप्प्यांचा आकडा) एकाने कमी करतो, ब्रिज मात्र फ्रेमला हात लावत नाही आणि इथरनेट फ्रेममध्ये असा उतरता आकडा नसतोही. त्यामुळे दोन ब्रिज दोन वाटांनी जोडले गेले, तर सर्वांसाठीची एखादी फ्रेम त्या वर्तुळात थांबल्याशिवाय फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि सगळे जाळे ठप्प होते. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत असताना शोधला. त्यात जादा वाटा आपोआप बंद ठेवल्या जातात. ही सोय चालू असेल तर नवे पोर्ट प्रचलित मूल्यांनुसार १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते. त्या अर्ध्या मिनिटात डीएचसीपीची मुदत टळून गेली की दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

वाय-फाय कार्डाच्या बाबतीत मात्र ही रचना सहसा चालत नाही. जोडणी घेणाऱ्या यंत्राच्या नेहमीच्या वाय-फाय फ्रेममध्ये तीनच पत्ते असतात, आणि हवेतून फ्रेम पाठवणारे यंत्र व तिचा मूळ प्रेषक एकच आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. मागे असलेल्या आभासी संगणकाचा वेगळा मॅक पत्ता मांडायला तिथे जागाच नसते आणि जोडणी न केलेल्या पत्त्याच्या फ्रेम ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची जोडणी देणारे यंत्र) स्वीकारत नाही. दोन्ही बाजूंना चार पत्त्यांची फ्रेम चालत असेल तर मार्ग निघतो. एरवी व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर कार्डाचाच मॅक पत्ता घालते आणि परत आलेले पॅकेट आयपी पत्त्यावरून ओळखून योग्य आभासी संगणकाकडे देते.