दुसरी सिस्टिम चालते का, ते आधी बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मित्राची हळदीची अडत आहे. तिथल्या जुन्या संगणकात हिशेबासाठी विंडोज ७ आहे, आणि मुलानं अभ्यासासाठी शेजारीच उबंटू, म्हणजे लिनक्सवर चालणारी दुसरी मोफत सिस्टिम, टाकलंय. दिवाळीनंतर दुकान उघडलं तर विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसायचं, निळा पडदा यायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल. पाच वर्षांची खाती आत होती. मित्र पार हबकला होता.

मी विचारलं, "उबंटू चालू होतंय का रे?"

होत होतं, अगदी नीट. म्हणजे वीजपुरवठा, मेमरी आणि हार्ड डिस्क यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. दोन्ही सिस्टिम एकाच हार्डवेअरवर चालतात. दोन्ही अडल्या असत्या तर आधी हार्डवेअर तपासलं असतं.

दुसरा धागा तारखेचा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी उठणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये, गेलो तर तारीख कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, बहुतेक वेळा सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मेन स्विच बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज तोच जपतो. सुट्टीत मेन स्विच बंद होता, सेल संपला आणि सेटिंग्ज मूळपदावर गेली. त्यात हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून आयडीई झाली. विंडोज ७ सुरू होताना ज्या पद्धतीवर बसवलं होतं तिचाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम) तयार ठेवतं, म्हणून त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. निळ्या पडद्यावरच्या कोडच्या शेवटी '७बी' होतं, ते याचंच. उबंटू सहसा दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर सोबत घेऊन उठतं, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. प्लग काढून नवा सेल बसवला, एएचसीआय पुन्हा निवडलं, आणि खाती होती तशी उघडली.

घड्याळात नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला तर मात्र सेलला दोष देऊ नका. विंडोज मशीनमधलं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स साधारणपणे जागतिक वेळेचं. तो फरक तिथला आहे.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच आलं तर गोष्ट वेगळी. ग्रब म्हणजे सुरुवातीला उबंटू की विंडोज हे विचारून ती सिस्टिम उठवणारा प्रोग्राम. बायोसवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा कप्पा, ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) तक्त्यासाठी, उरलेले २ खूण म्हणून. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ४४६ बाइटांत आपली दीडशे चिन्हंही मावत नाहीत! एवढ्याशा जागेत अख्खा ग्रब कसा बसणार? तो आपल्या बाकीच्या फायली लिनक्सच्या पार्टिशनमधून उचलतो. विंडोजमधून कुणी ते 'बिनकामाचं' पार्टिशन उडवलं की ग्रब अर्ध्या वाटेत थांबतो. विंडोजची खाती तरीही जागेवरच असतात. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून 'बूटरेक' आज्ञेनं पहिल्या सेक्टरमधल्या सूचना नव्यानं लिहिता येतात, पार्टिशनच्या तक्त्याला धक्का न लावता. उडवलेलं पार्टिशनही लगेच पुसलं जात नाही, आधी फक्त तक्त्यातली १६ बाइटांची नोंद जाते. त्या पार्टिशनच्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर 'टेस्टडिस्क' हे मोफत साधन ती बहुतेकदा परत शोधून देतं.

मित्राच्या मशीनवर हे काहीच करावं लागलं नाही. सेल बदलायच्या आधी उबंटूतूनच सगळी खाती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.