पक्षाघात : कुटुंब आणि परिचारिका यांची भूमिका (कोल्हापूर परिसर)

पक्षाघात : मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडल्याने किंवा तेथील रक्तवाहिनी फुटल्याने होणारा आजार. कोल्हापूर परिसरात ‘लकवा मारला’, ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. बहुतेक रुग्णांत वाहिनीत रक्ताची गाठ अडकलेली असते, उरलेल्यांत रक्तस्राव झालेला असतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनशिवाय फरक कळत नाही आणि उपचार तर अगदी उलटे. म्हणूनच स्कॅनपूर्वी घरच्यांनी आपल्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी देणे धोक्याचे असते.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. त्यामागोमाग मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके. कोल्हापुरी जेवणात बोट नेहमी तिखटाकडे दाखवले जाते, पण रक्तदाबाचा संबंध आहे तो मिठाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ पोटात जावे. खर्डा, लोणचे, पापड, कांदा-लसूण चटणी आणि मिसळीवरचे फरसाण यांतूनच त्यातला बराच वाटा संपतो. एकट्या रुग्णासाठी वेगळे आळणी शिजवण्याचा नेम चारच दिवस टिकतो. अख्ख्या घराच्या भांड्यातले मीठ कमी केले तर निभते. तंबाखूचा विचार करताना बायकांची मिश्री हमखास विसरली जाते.

गोळ्यांची गोष्ट याहून अवघड. ‘आता बरं वाटतंय’ किंवा ‘गोळीची सवय लागते’ म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारे गावोगाव आहेत. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरे वाटणे हा पुरावाच नव्हे. आशा सेविका तीस वर्षांवरील लोकांची माहिती भरून घेते आणि उपकेंद्रात रक्तदाब व साखर तपासली जाते. गोळी संपली की नाही हे मात्र घरातल्या माणसालाच दिसते.

झटका आल्यावर पहिली तपासणी घरातच होते. हसायला सांगितले की तोंड एका बाजूला ओढले जाते, दोन्ही हात वर केले की एक खाली येतो, बोलणे अडखळते. बोलणे तपासताना एक बारकावा लक्षात ठेवावा. पाठ असलेले शब्द मेंदूला इजा होऊनही पुष्कळदा शाबूत राहतात. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ स्पष्ट म्हणणाऱ्या माणसाला समोरच्या तांब्याचे नाव आठवत नाही, असे होऊ शकते. म्हणून वस्तू दाखवून नाव विचारावे. लक्षणे दहा मिनिटांत ओसरली तरी घरी थांबू नये; मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक असतो.

गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, तर माणूस शेवटचा ठीकठाक दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी उठतानाच हात लुळा असेल तर घड्याळ रात्री झोपल्यापासून सुरू होते, आणि ती वेळ सांगू शकतात फक्त घरचे. काही निवडक रुग्णांत गाठ तारेने बाहेर काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंतही करता येतो. आधी तेलमालिश, कबुतराचे रक्त चोळणे, देवऋषी आणि मग दवाखाना, या क्रमात हे तास निघून जातात. १०८ ला फोन करतानाच सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात नेण्यास सांगावे. शहराजवळच्यांना सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) गाठता येते. चंदगडकडच्या लोकांना मात्र कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते.

वॉर्डात आल्यावर सिस्टरचे पहिले काम म्हणजे रुग्णाला गिळता येते का हे पाहणे. त्याला उठवून बसवतात, पाण्याचा छोटा घोट देतात. ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का, इकडे लक्ष ठेवतात. तोवर तोंडाने काहीही द्यायचे नसते. आपल्याकडे पेशंटला भेटायला येणारा पाहुणा शहाळे घेऊनच येतो, आणि मायेने दोन घोट पाजतो. पातळ पदार्थच श्वासनलिकेत सहज उतरतो आणि न्यूमोनिया होतो. खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाने अशा वेळी पाहुण्याला ठामपणे अडवले पाहिजे. वाईट वाटले तर वाटू द्यावे. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांपैकी १० कक्षांत परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप, साखर आणि गिळणे यांकडे ठरावीक पद्धतीने लक्ष दिले. ९० दिवसांनी मृत वा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४२ टक्के होते, उरलेल्या कक्षांत ५८ टक्के. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेचे काम ज्यांना दुय्यम वाटते त्यांनी हे आकडे पाहावेत.

दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा व माकडहाड तपासणे, लुळ्या हाताखाली उशी ठेवणे ही कामे परिचारिका करते आणि घरच्यांना शिकवते. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढला की खांदा निखळतो. ही चूक घरोघरी होते.

तरीही कुटुंबावर सगळे सोपवून चालत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ हा अभ्यास झाला. त्यात नातेवाइकांना व्यायाम आणि शुश्रूषेचे प्रशिक्षण देऊन घरी पाठवले गेले. २०१७ च्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा कोणताही फरक दिसला नाही. याचा अर्थ घरची सेवा फुकट जाते असा मुळीच नाही. पण फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षित परिचारिका यांची जागा सुनेला चार गोष्टी शिकवून भरून निघत नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी मान्य करायला हवे.

साधारण एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते. रुग्ण व्यायाम टाळतो, चिडतो, रडतो. घरचे त्याला हट्टी ठरवतात. हा आजाराचाच भाग असून त्यावर औषध आहे. सेवेचा भार बहुधा बायको किंवा सून उचलते आणि तिचे स्वतःचे दुखणे मागे पडते. रुग्णाचा रक्तदाब मोजायला आलेल्या परिचारिकेने त्याच फेरीत तिचाही मोजावा, कारण ती स्वतः उपकेंद्रात जायला सवड काढणार नाही.