शिकाऊ उमेदवार आणि शेजारची खुर्ची

‘उमेदवारी’ म्हटले की गोव्यात आता पक्ष, तिकीट आणि मतदारसंघच डोळ्यांपुढे येतात. या शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता. पेढीवर किंवा कचेरीत बिनपगारी, नाहीतर नावापुरत्या पगारावर काम शिकत राहणे म्हणजे उमेदवारी. सरकारी मराठीत अप्रेंटिस आजही ‘शिकाऊ उमेदवार’च आहे. वेर्ण्यापासून कुंडईपर्यंतच्या कारखान्यांत हल्ली एकच तक्रार ऐकू येते, की नवी मुले टिकत नाहीत आणि सांगितलेले मुकाट ऐकत नाहीत. तक्रार खोटी नाही, पण ती मुलांपासून सुरू होत नाही.

पोर्तुगीज अमलात, १९१० च्या प्रजासत्ताकापर्यंत तरी, हिंदू मुलाला सरकारी नोकरीचा रस्ता जवळजवळ बंदच होता. त्याला दुकानावर ठेवायचे किंवा मुंबईला धाडायचे. ख्रिस्ती मुलांसाठी मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे ‘कूड’, म्हणजे उतरायच्या सामायिक खोल्या, होते. दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरलेला तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, गावातल्या एखाद्या पोराला बोटीवर लावून द्यायचा. पोर नीट निघाले नाही तर गावात नाव जायचे ते लावून देणाऱ्याचे. शिकवणाऱ्याची पत अशी शिकणाऱ्यात अडकलेली असे. त्या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. मेस्ताची (कारागिराची) चापट, पात्रांवाच्या (मालकाच्या) शिव्या आणि वर्षानुवर्षे फुकट राबणे हाही त्याच शिक्षणाचा भाग होता. शिवाय जातीबाहेरच्या पोराला पेढीची पायरीही चढता येत नसे.

शिकाऊ उमेदवारांचा केंद्रीय कायदा १२ डिसेंबर १९६१ चा. बरोबर एका आठवड्याने, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. हा निव्वळ योगायोग, पण पुढची चार-पाच दशके त्या दोन तारखांच्या सावलीत गेली. १९६५ च्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळाची वाट मोकळी झाली, वसाहती उभ्या राहिल्या, आयटीआयमधून फिटर आणि वेल्डर बाहेर पडू लागले. पात्रांवाचा ‘साहेब’ झाला. कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन आणि ठरावीक मुदत दिली. शिकवणाऱ्याच्या वाट्याला काय, हे मात्र कुणी फारसे विचारले नाही. वर्कशॉपमधला जुना माणूस नव्याला शेजारी उभा करायचा, कारण उद्या रजा टाकायची तर मशीन सांभाळायला कुणीतरी हवेच.

हे सगळ्यात ठसठशीत दिसायचे ते बार्जवर, म्हणजे नदीतून खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींवर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लोहखनिजाची निर्यात सुरू झाली, आणि खाणींवरचा माल मांडवी-झुआरीतून मुरगावच्या बंदराकडे जाऊ लागला. खलाशी म्हणून चढलेला मुलगा पाण्यावर वर्षे काढून, परीक्षा देऊन सारंग व्हायचा, पुढे मास्टर, म्हणजे बार्जचा कप्तान. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या पट्टीमुळे मांडवीचे तोंड बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे. भरती-ओहोटीच्या ओढीत लादलेली बार्ज तिथे कशी वळवायची, हे परीक्षेच्या पुस्तकातून कळण्यासारखे नव्हते. ते मास्टरच्या शेजारी उभे राहूनच कळे, आणि मास्टर ते सांगे, कारण खलाशाला दुसरीकडे जायची घाई नव्हती. २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी खनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या वर होती. एवढा धंदा एका दिवसात थांबेल असे कुणाच्या मनातही येत नव्हते.

तो थांबला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प झाले.

आता थोडे गणित. ‘जेन झी’ची सुरुवात बहुतेक जण १९९७ च्या जन्मापासून धरतात. त्या वर्षी खाणींच्या भागात, डिचोलीत, सत्तरीत किंवा सांग्यात जन्मलेला मुलगा पहिल्या बंदीच्या वेळी पंधरा वर्षांचा, दुसऱ्या वेळी एकवीस. घरापुढे उभा राहिलेला ट्रक, बँकेच्या नोटिसा, वीस वर्षे इमानाने काम करून घरी बसलेला बाप हे त्याने दहावीच्या अभ्यासाबरोबर पाहिले. ‘कंपनीला धरून राहा’ हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याची मोजणी आमच्यापेक्षा पक्की आहे, असे माझे मत. पुढे २०२० ची टाळेबंदी आली, आणि कित्येकांची पहिली नोकरीच पडद्यावर सुरू झाली, शेजारी कुणीही नसताना.

बाहेर पडायच्या वाटाही गोव्यात जास्त. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट निघतो, आणि ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचे दार अरुंद झाले तरी युरोपचे उघडे आहे. घरात आई सरकारी भरतीच्या जाहिरातीवर डोळा ठेवून असतेच. वरून कारखान्यांत कंत्राटी भरती वाढली. अकरा महिन्यांनी जाणार असलेल्या मुलाला मशीनची खोड सांगण्यात जुन्या ऑपरेटरला काय स्वारस्य?

‘मेंटरिंग’, म्हणजे जुन्याने नव्याला हाताशी धरून शिकवणे, हा शब्द या फटीत आला. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी तिथे तरुणांना वरिष्ठांचे इंटरनेटचे गुरू केले, त्या उलट्या शिकवणीचीही आता आपल्याकडे नक्कल होते. साहेबाला नावाने हाक मारायची पद्धत आली. त्यात वाईट काही नाही, पण पूर्वी जे शेजारच्या खुर्चीतून आपोआप मिळे ते आता महिन्याच्या एका बैठकीत बसवायचे असते.

औषधांच्या कारखान्यात हे जास्त खटकते. तिथे एखादी बॅच ठरल्या पद्धतीपासून ढळली की ‘असे का झाले’ याचे लेखी उत्तर द्यावेच लागते, आणि तपासणीला आलेला ऑडिटरही तेच विचारतो. ट्रेनीने तोच प्रश्न आधी विचारला की तो आगाऊ ठरतो. जुन्या ऑपरेटरकडे उत्तर असते. मशीनचा आवाज बदलला की त्याला कळते. पण ते सांगायचे कधी? पाळी संपते तेव्हा नवा आत येत असतो, जुना कपडे बदलत असतो, आणि फोंड्याची बस फाटकाबाहेर हॉर्न देत असते.