उन्हाळी संस्कार शिबिर (सोलापूर)

उन्हाळी संस्कार शिबिर : शाळेची वार्षिक परीक्षा संपल्यावर साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी भरणारे, सकाळी घरून यायचे आणि दुपारच्या आत घरी परतायचे असे बिनमुक्कामी शिबिर. ते आठवडाभर ते तीन आठवडे चालते. शाळा, वाचनालये, देवस्थाने, समाजमंडळे, सेवाभावी संस्था आणि अलीकडे मोठ्या सोसायट्याही अशी शिबिरे घेतात. मूल धीट व्हावे, वाटून खावे, हरल्यावर रुसून कोपऱ्यात बसू नये, अनोळखी माणसाशी नीट बोलावे, एवढाच खरे तर हेतू असतो. जुने लोक त्याला संस्कार म्हणतात, नव्या पत्रकांत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ छापलेले असते. पत्रकावर काही असो, शिबिराचा कस मैदानात कळतो.

सोलापुरात शिबिराचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर असतो आणि ४३-४४ अंशांचेही कोणाला नवल वाटत नाही. म्हणून मुले साडेसहा-सातलाच टोपी, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन येतात. खो-खो, लगोरी, लेझीम, आट्यापाट्या हे सगळे साडेआठ-नऊच्या आत उरकायचे. मग सावलीत गोष्ट, कागदकाम, नाट्यछटा, पाठांतर आणि साडेदहा-अकराला सुटी. धावणारे मूल एकाएकी गप्प झाले किंवा डोके दुखते म्हणाले, तर त्याला लगेच सावलीत नेऊन ओले फडके आणि पाणी द्यायचे, हे शिबिरातल्या ताई-दादांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे लागते. ‘एक डाव राहिलाय की ताई’ ही विनवणी अशा वेळी ऐकायची नसते.

या प्रथेला एकच उगम नाही. १९०७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर श्रीमंत आणि कामगार घरांतली सुमारे वीस मुले एकत्र आणून शिबिर घेतले. स्काउट चळवळ तेथून सुरू झाली आणि शाळांच्या मार्गाने भारतात आली. गट पाडणे, गटाला नाव, गटाला नायक ही मांडणी बऱ्याच अंशी तिकडची. महाराष्ट्रात संघाच्या शाखांनी आणि १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने, एकमेकांपासून बरेच वेगळे हेतू मनात ठेवून, मुलांना मैदानावर आणले. साने गुरुजींच्या प्रभावातून गोष्ट हे संस्काराचे साधन झाले. गुरुजींचे सोलापूर जिल्ह्याशी असलेले नाते आणखी थेट आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी पंढरपुरातच उपोषण केले होते. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीचे कामही सोलापुरात आहे.

सोलापूरचे वेगळेपण मात्र मुलांच्या बोलण्यात ऐकू येते. गिरण्या आणि हातमागांमुळे तेलुगूभाषक पद्मशाली विणकर येथे स्थायिक झाले. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कन्नड घराघरांत आहे. उर्दू आणि मराठी आहेतच. शहराच्या पूर्व भागातल्या शिबिरात ‘ताई’ला कोणी अक्का म्हणते, दादाचा कधी अण्णा होतो, आणि कोणीच कोणाला दुरुस्त करत नाही. डबे उघडले की एकाकडे चित्रान्न, दुसरीकडे पुलिहोरा, तिसऱ्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघते. पिवळ्या भाताची ही दोन नावे वेगळी का, यावर रंगणारा वाद कोणत्याही आखीव ‘संवादकौशल्य’ सत्रापेक्षा मोलाचा असतो. सोलापुरी बोलीतला, ‘काय बे’ मधला ‘बे’ शिबिरात चालावा की नाही, यावर मोठ्यांत एकमत नाही. मुलांत आहे.

पहिल्या दिवशीची महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. मुलांना आपापले गट करू दिले, तर एका गल्लीची, एका शाळेची मुले एकत्र बसतात आणि शेवटच्या दिवशीही तशीच उठतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, की पहिले दोन दिवस कुरबूर होते, तिसऱ्या दिवशी काम सुरू होते. सतरंज्या घालणे, माठ भरणे, चपला ओळीत लावणे, डब्यानंतर झाडणे ही कामे पाळीपाळीने येतात. मुलगे झाडू हातात घेतात तो क्षण आयांना फोटो काढण्याजोगा वाटतो, यातच घराघरांतली वस्तुस्थिती आली. भांडण झाले, तर चांगला दादा निवाडा देत नाही. दोघांना झाडाखाली बसवून एकमेकांची बाजू सांगायला लावतो. याला वेळ लागतो आणि पत्रकात छापण्यासारखे त्यात काही नसते.

सहलही बहुधा गावातच असते : भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक, चार हुतात्म्यांचे पुतळे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवडा तुरुंगात फाशी झाली. ही चार नावे मुलांकडून सलग म्हणवून घेतली, तरी या गावाची वीण त्यांच्या कानावर पडते. वेगळे व्याख्यान लागत नाही.

शिबिराने मूल खरोखर बदलते का, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह येथे, सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवून दोन गट केले. स्पर्धा लावताच शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवून काहीच साधले नाही. मग शिबिराचे पाणी मुद्दाम तोडण्यात आले. बिघाड शोधायला सगळ्यांना लागावे लागले आणि अशा सामायिक अडचणी येत गेल्या तसे वैर निवळले. मुलांना प्रयोगाची कल्पना न देता हे केले, यावर पुढे रास्त टीका झाली. पण पाणी काही दिवसांआड येणाऱ्या सोलापुरात हा निष्कर्ष समजावून सांगावा लागत नाही. रोज गुण, रोज विजेता गट आणि शेवटी ढाल एवढ्यावरच चालणारी शिबिरे शरीफ यांच्या प्रयोगाचा पहिला अर्धा भागच पुन्हा करत असतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शाळेबाहेरच्या अशा उपक्रमांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ज्यांत कौशल्ये क्रमाने, प्रत्यक्ष करून, पुरेसा वेळ देऊन आणि हेतू स्पष्ट ठेवून शिकवली होती, त्यांचाच परिणाम दिसला. बाकीच्यांचा जवळजवळ नाही. दहा दिवसांत योग, वेदिक गणित, सुलेखन, ज्वेलरी मेकिंग आणि भाषणकला ‘कव्हर’ करणाऱ्या शिबिरांनी हे वाचायला हरकत नाही.

मोठा दोष वेगळाच आहे. ज्या मुलांना अशा सकाळींची गरज अधिक, तीच पटावर कमी दिसतात. समाजमंडळाच्या शिबिरात त्या समाजाची, सोसायटीच्या शिबिरात त्या सोसायटीची मुले येतात आणि चिठ्ठ्या टाकूनही निघते तेच निघते. विडी वळणाऱ्या घरांत आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ती सुपात पाने घेऊन बसली, की धाकट्या भावंडाला सांभाळायला दहा-बारा वर्षांची मुलगीच असते. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या, विडी कामगारांच्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी शिबिर घ्यायचे, तर धाकट्यांनाही आत घ्यावे लागते. त्यांच्यासाठी एका बाजूला सतरंजी आणि एक ताई ठेवली, तर मोठ्या मुली येऊ शकतात. आणि तारखा ठरवण्याआधी त्या भागात पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सुटते ते विचारून घ्यावे लागते. त्या सकाळी घागरी भरल्याशिवाय कोणी येत नाही.